मागच्या डाव्या चाकाचा नट

सन एकोणीसशे एकोणनव्वद. मला एकोणपन्नासावं चालू होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हा किस्सा सांगणारे लोक मला त्यात म्हातारा करतात. मी म्हातारा नव्हतो. जीपचं चाक मी एका हातानं उचलून मागच्या कडीला अडकवायचो.

मी तिसरीतून उठलेला माणूस. लिहिताना चुका होतील, होऊ द्या. पण धुळ्यात आग्रा रोडला एक गॅरेज आहे. त्या वेळच्या मिस्तरीचा पुतण्या ते अजून चालवतो, आणि गिऱ्हाईक आलं की चहाबरोबर माझी गोष्टही पाजतो. त्याच्याकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐका. तो तेव्हा तिथं नव्हताच.

जीप माझी. मिलिटरीच्या लिलावातली, जुनी, चारही चाकांनी ओढणारी. आमच्या गावात मोटार म्हणून जी पहिली आली ती हीच. त्याआधी मी बैलगाडी हाकत होतो. जीप आल्यावर साक्री ते धुळे पॅसेंजर भरायला लागलो. बाजाराच्या दिवशी मागं, पुढं, पायरीवर, बॉनेटवर मिळून वीस-बावीस माणसं. साक्रीच्या स्टँडवर मला कुणी नावानं हाक मारत नसे, 'जीपवाले भाऊ' म्हणत. पोलीससुद्धा. मला तेवढंच पाहिजे होतं. जमीन आम्हा दोघा भावांची सामाईक, घर सामाईक, चूलसुद्धा एक, पण स्टेअरिंग माझं.

धाकटा भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, दहावी पास. त्यानं लायसन काढलं होतं. दोन वर्षं मागं लागला होता की एक दिवस मला द्या, एक दिवस तुम्ही चालवा. मी देत नव्हतो. तो गिअर खरडायचा. पुस्तकात वाचून जीप चालत नाही असं मी त्याला लोकांसमोर सांगायचो, आणि तो मान खाली घालायचा. मान खाली घालणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो. अंगावर आला असता तर कदाचित दिलीही असती.

त्या वर्षी पेट्रोल काढून जीपला डिझेल इंजिन बसवलं. तेव्हा सगळेच बसवत होते. पण जुन्या जीपचं मागचं सामान पेट्रोलच्या बेताचं असतं. डिझेलचा झटका त्याला सोसत नाही. दहिवेलच्या चढाला मागचा उजवा शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा लोखंडी दांडा, कडकन तुटला आणि भरलेली जीप रस्त्यात बसली. मग धुळ्याच्या गॅरेजचा तो मिस्तरी म्हणाला, दोन्ही बाजूंचे शाफ्ट जाड घालून घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात डावाही जाईल.

शाफ्टसाठी आम्ही दोघं जळगावला गेलो. मेहरूणच्या बाजूला एका भंगारवाल्याकडं दोन दिवस लोखंड उकरलं. शाफ्ट मिळाले. हब मिळाले नाहीत. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो मधला लोखंडी गड्डा. तेव्हा ठरलं असं की शाफ्ट नवे आणि हब जुनेच ठेवायचे. उजव्या बाजूचा हब तुटलेल्या शाफ्टबरोबर आधीच निघालेला होता. डावीकडचा काढायचा होता, आणि तो काढायला त्याच्या मध्यभागी असलेला मोठा नट काढावा लागतो. एवढंच काम होतं.

तो नट हलला नाही.

मिस्तरी माझ्याच वयाचा. बारीक, काळा, तोंडात सदा बिडी. मोठा कारागीर होता हे मी नाकारत नाही, पण त्याला ते माहीत होतं ही वाईट गोष्ट. त्यानं नटाला पाना लावला, पान्याच्या दांड्यावर हातभर पाइप चढवला. नट हलला नाही. मग बोअरिंगचा पुरुषभर पाइप आणला. एका टोकाला मी आणि भाऊ लटकलो, मिस्तरीनं पान्यावर पाय दिला. पाइप वाकला. नट जागचा हलला नाही.

मिस्तरी मागं सरला आणि बिडी पेटवत म्हणाला, "भाऊ, हे चाक तुम्ही जीपला बसवलं का जमिनीत पेरलं?"

शेजारी चहाची टपरी होती. तिथं साक्रीकडचे तीन-चार ड्रायव्हर बसलेले होते. ते हसले. एक म्हणाला, "पाणी घाला, उगवंल." मला त्यांच्यापैकी प्रत्येकाचं तोंड आजही आठवतं.

"कापून काढा," भाऊ म्हणाला.

"गॅसनं कापला तर हबला धग लागून तडा जाईल," मिस्तरी म्हणाला. "हब गेला तर जीप भंगारात. जळगावला मिळाला नाही ना? मग मुंबईलाही मिळणार नाही. कापायचा तर तुमच्या जबाबदारीवर कापा, मी हात लावणार नाही." मग खाली वाकून त्यानं नटाच्या कडेवर नख फिरवलं. "हा नुसता गंजलेला नाही. कुणीतरी आत काहीतरी भरलंय. कुणाकडून काम करून घेतलं होतं?"

मी भावाकडं बघितलं. त्याला कारण होतं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात मला विषमज्वर झाला होता, तेव्हा तीन आठवडे जीप त्याच्या ताब्यात होती. त्या तीन आठवड्यांत तो ती कुठल्यातरी गॅरेजला घेऊन गेला होता. हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं होतं.

"हाई कोनी कयं?" मी विचारलं. हे कुणी केलं?

"मी नही कयं, भाऊ. मना हात बी नही लागना त्याले. मी फक्त ब्रेक बघाले लेई गयथू." ब्रेक दाखवायला नेली होती म्हणे.

"मग काय भूत येऊन करी गयं?"

त्याची मान खाली. टपरीवरचे ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात धरून ऐकत होते, आणि ती खाली गेलेली मान त्यांनाही दिसावी असं मला वाटत होतं. मी आवाज चढवला. म्हणालो, ज्यानं कुणी ह्या नटाला हात लावलाय, तो उद्यापासून ह्या जीपचं स्टेअरिंग धरणार नाही. जिता आहे तोवर धरणार नाही. माझ्या बापाची आण.

भाऊ म्हणाला, "आण कसाले घेतस, भाऊ?"

"घेतली."

आमच्याकडं बापाची आण घेतली म्हणजे विषय संपला. माझा बाप मरून तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्याची आण मी त्याआधी एकदाच घेतली होती, शेताच्या बांधावरून, आणि ती मोडली नव्हती.

दुपारनंतर मिस्तरीनं गॅसची नळी आणली. नट सावकाश तापवायचा, हबला धग लागू द्यायची नाही, आणि मग झटका द्यायचा, असा त्याचा बेत. तो चाकाच्या तोंडाशी उकिडवा बसला, डोळ्यावर काळा चष्मा, नाकातोंडावर काहीच नाही. ज्योत लावली. थोड्या वेळानं नटाच्या कडेनं काळं काळं काहीतरी उकळून बाहेर यायला लागलं आणि त्याचा धूर निघाला. धूर थेट त्याच्या तोंडावर.

मी दोन पावलांवर उभा होतो. वास माझ्या नाकात गेला.

तो वास बिब्ब्याचा होता.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बिब्बा म्हणजे जंगलातलं एक काळं फळ. साक्रीच्या वरच्या डोंगरांत भरपूर. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल गळतं. पायात काटा मोडला, टाच भेगाळली, की माझी माय ते तेल लावायची. ते वाळलं की काळं, कडक, काचेसारखं होतं. माझा बाप बैलगाडीच्या चाकाला लोखंडी कडं चढवताना लाकडावर बिब्ब्याचं तेल आणि तागाचे धागे लावायचा. मग कडं सरकत नसे आणि लाकूड कुजत नसे. बिब्बा कुणाकुणाला उततो. म्हणजे कातडीला लागला किंवा त्याचा धूर लागला तर अंग सुजतं, फोड येतात. मला उतत नाही. बापालाही उतत नव्हता.

आणि मला आठवलं. पाच वर्षांपूर्वीचा पावसाळा. पांझरा नदीच्या पात्रात जीप अडकली होती, पाणी चढत होतं, आणि मागचं डावं चाक डुगडुगायला लागलं होतं. नटाची पिन तुटलेली, नट ढिला. पिन जवळ नव्हती. मी नट छन्नीनं ठोकून आवळला आणि कशीबशी जीप घरी आणली. दुसऱ्या दिवशी नट परत उलटा फिरवून काढला, आट्यांमध्ये ताग गुंडाळला, बिब्ब्याचं तेल भरलं, आणि पिनच्या जागी तार घालून पुन्हा ठोकून बसवला. बापानं जसं केलं असतं तसं. भाऊ तेव्हा शेतावर होता. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलं नाही. काम झालं, विसरलो. पाच वर्षं नट तसूभर हलला नव्हता. म्हणजे काम चांगलंच झालं होतं. आजही मी ते काम वाईट म्हणणार नाही.

मी बोललो नाही. का बोललो नाही ते लपवत नाही. थोड्या वेळापूर्वीच चार ड्रायव्हरांसमोर बापाची आण घेतली होती. बोललो असतो तर स्टेअरिंग गेलं असतं, आणि गेलं असतं ते त्या मान खाली घालणाऱ्याच्या हातात. म्हणून मी तसाच उभा राहिलो आणि मिस्तरी तो धूर नाकातोंडानं घेत राहिला. संध्याकाळपर्यंत त्यानं दोनदा तापवलं, दोनदा झटका दिला. नट हलला नाही. जाताना त्यानं मनगट खाजवलं. मी ते पाहिलं.

सकाळी मिस्तरी गॅरेजवर आला तेव्हा भावाला तो पटकन ओळखू आला नाही. तोंड सुजून गोल झालेलं, डावा डोळा पूर्ण बंद, कानाच्या पाळ्या लाल, मानेवर पुरळ. ओठ इतके जाड की बिडी धरता येत नव्हती. तरी आला होता. दुसरा कुणी असता तर दवाखान्यात गेला असता.

"तुझ्या नटानं चावा घेतला," तो भावाला म्हणाला. त्याचे शब्द नीट फुटत नव्हते. "काय भरलंस आत? ॲसिड?"

"मिस्तरी, देवाशपथ मी काहीच भरलं नाही."

"तूच भरलंस. तुझ्या मोठ्या भावानं काल सांगितलं ना सगळ्यांसमोर."

भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी आधी सांगितलं की मान खाली घालणाऱ्याचा मला राग येतो. त्या दिवशी त्यानं मान खाली घातली नाही, सरळ माझ्याकडं बघत राहिला. त्याचाही मला राग आला.

मिस्तरीनं गॅसची नळी उचलली.

"थांबा," मी म्हणालो. "डोळा जाईल."

"एक आहे अजून. नट पण एकच आहे." आणि तो पुन्हा चाकापुढं बसायला लागला. डावा डोळा बंद असल्यामुळं त्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून कालच्यापेक्षा तोंड आणखी जवळ नेऊन बसला.

इथं लोक म्हणतात की मला दया आली. दया वगैरे काही नाही. मला त्या माणसाचा राग आला होता. इतका हट्टी माणूस माझ्यासमोर माझ्याच नटापायी आंधळा होणार आणि मग सगळ्या धुळ्यात माझ्या जीपचं नाव घेत फिरणार, हे मला चालणार नव्हतं. मी त्याच्या हातातली नळी ओढून घेतली आणि जमिनीवर टाकली. "हात लावू नका," म्हणालो, आणि किराणा दुकानाकडं गेलो.

तीळ आणि सुकं खोबरं घेतलं. परत येऊन टपरीवाल्याच्या पाट्यावर पाणी घालून वाटलं. टपरीवाला बघत होता, ड्रायव्हर बघत होते. केळीच्या पानाचा तुकडा घेतला, त्यावर तो गोळा ठेवला आणि मिस्तरीपुढं धरला.

"लावा."

"काय आहे?"

"लावा म्हटलं ना. तोंडाला, मानेला, डोळ्याभोवती. आत जाऊ देऊ नका."

मिस्तरीनं गोळ्याचा वास घेतला. मग उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या घरीही बाया होत्या, त्यालाही ठाऊक होतं. हळूच म्हणाला, "तीळ-खोबरं बिब्ब्याला लावतात."

 

भाऊ म्हणाला, "भाऊ, तुमले कसं समजनं बिब्बा शे म्हणून?"

मी उपरणं पाण्यात भिजवून नाकातोंडाला बांधलं, नळी उचलली आणि स्वतः चाकापुढं बसलो. मिस्तरी गोळा तोंडाला फासत माझ्या पाठीमागं उभा राहिला आणि सांगत गेला. "नटावर ठेवा, हबवर नको. लांब. अजून लांब. फिरवत राहा." काळं तेल पुन्हा उकळायला लागलं. मी ते पूर्ण जळेपर्यंत धरलं, म्हणजे धूर पांढरा होऊन थांबेपर्यंत. मिस्तरीला काल हेच माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. तो तेल वर आलं की थांबत होता आणि थंड झालं की ते पुन्हा घट्ट होत होतं. धूर थांबल्यावर मी म्हणालो, "आता." भावानं पाना लावला, पाइप घातला. मी आणि तो दोघं लटकलो.

नट कर्र करून फिरला. मग सहज फिरत गेला, हातानंसुद्धा.

आट्यांमध्ये तागाचे जळके धागे होते. मिस्तरीनं एक धागा चिमटीत धरून वर केला आणि सगळ्यांना दाखवला.

"कुणी भरलं होतं?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं. मला सांगायला लावायचं होतं.

"मी भरलं होतं," मी म्हणालो. "पाच वर्षांत हलला का?"

"नाही हलला. आता माझं तोंडही हलत नाही."

ड्रायव्हर हसले. ह्या वेळी त्यांना हसायचा हक्क होता, तरी मी त्यांच्याकडं असं बघितलं की एक जण चहा अर्धा टाकून उठला. मिस्तरी म्हणाला, "आजचं काम पूर्ण करून देतो. ह्यापुढं ही जीप इथं आणू नका. दुसऱ्या कुणाकडं जा." मी म्हणालो, आणणार नाही. आणलीही नाही. पुढं त्याची आणि माझी आग्रा रोडवर कैक वेळा गाठ पडली. दोघांपैकी कुणी मान हलवली नाही.

दुपारी शाफ्ट घालताना भाऊ माझ्याजवळ आला. बाकीचे लांब होते. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, आण-बिण ऱ्हाऊ द्या. कोनी काय म्हणत नही. तुम्हीच चालाडा."

त्यानं टोमणा मारला असता तर मी सहन केलं असतं. लोकांसमोर हसला असता तरी केलं असतं. पण त्यानं मला माझं स्टेअरिंग परत दिलं, जसं काही ते त्याच्याकडं आलं होतं आणि त्याला ते द्यायचा अधिकार होता. मी त्याला म्हणालो, "मना बाप तुना बी बाप व्हता. त्याची आण तुझ्या सांगण्यानं सुटत नाही. तू मला सोडणारा कोण?"

तो म्हणाला, "मी असं नही म्हणं, भाऊ."

"मग काय म्हणं?"

परत मान खाली.

संध्याकाळी जीप चाकांवर उभी राहिली. मिस्तरीनं एकदा फिरवून बघितली, ब्रेक बघितले, आणि शटर ओढलं. आम्ही भाऊ-भाऊ शेजारच्या धर्मशाळेत झोपलो, एकाच चटईवर, पाठीला पाठ लावून.

सकाळी मी किल्ली बॉनेटवर ठेवली. हातात दिली नाही, ठेवली. मग धुळे स्टँडवर जीपच्या मागच्या बाजूनं चढलो आणि उजवीकडच्या फळीवर कोपऱ्यात बसलो. माझ्या आधी बारा वर्षं तिथं हजारो माणसं बसून गेली असतील, मी कधी बसलो नव्हतो. फळी फार अरुंद होती. साक्रीच्या एका बाईनं टोपली मांडीवर घेतली आणि विचारलं, "जीपवाले भाऊ, आज मागं?"

"सरकून बसा," मी म्हणालो.

भावानं जीप काढली. वळणावर दुसरा गिअर टाकताना त्यानं खरडला, आणि मग पुन्हा एकदा. तो मान वळवून मागं बघणार हे मला माहीत होतं. मी मागून सुटत जाणाऱ्या रस्त्याकडं तोंड केलं, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि साक्री येईपर्यंत पुढं बघितलं नाही.